पांडुरंग खानखोजे: तेलाच्या युद्धातून मक्याच्या शेतात गेलेला वर्ध्याचा लढवय्या

पहिल्या महायुद्धात इराणच्या डोंगरात इंग्रजांविरुद्ध बंदूक घेऊन लढलेला एक मराठी माणूस पुढे मेक्सिकोत जाऊन मक्याचा शास्त्रज्ञ झाला. तिथल्या गरीब शेतकऱ्यांसाठी त्याने मोफत शेतीशाळा काढल्या. जगप्रसिद्ध चित्रकाराने त्याला भिंतीवरच्या चित्रात रंगवलं. पण आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव शोधावं लागतं. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची ही माहिती.

त्या काळात युद्धावरून परतलेले काही जण तेलाच्या धंद्यात पडले आणि मोठे झाले. खानखोजे ज्या दोन देशांत लढले आणि राबले, त्या दोन्ही देशांत जमिनीखाली तेल होतं. तरी त्यांनी हात घातला तो बियाण्याला. हे कसं घडलं, ते समजायला त्यांच्या आयुष्याबरोबर तेलाचा आणि जमिनीचा इतिहासही थोडा बघावा लागेल.

थोडक्यात ओळख

पूर्ण नाव: पांडुरंग सदाशिव खानखोजे
जन्म: ७ नोव्हेंबर १८८४, वर्धा
मृत्यू: २२ जानेवारी १९६७, नागपूर
ओळख: गदर चळवळीतले क्रांतिकारक, इराणच्या आघाडीवरचे लढवय्ये, मेक्सिकोतले शेतीशास्त्रज्ञ
मराठी चरित्र: वीणा गवाणकर यांनी लिहिलं आहे

वर्ध्याहून अमेरिकेला

खानखोजे वाढले त्या काळात टिळकांचा शब्द घराघरात पोचला होता. वर्धा-नागपूर भागात दुष्काळ पडत होते आणि शेतकरी सावकाराच्या दारात होता. इंग्रजांना हाकलायचं तर लष्करी शिक्षण पाहिजे, हे तरुण पांडुरंगच्या डोक्यात पक्कं बसलं. इथे ते मिळणं शक्य नव्हतं. म्हणून विशीत घर सोडलं, आधी जपान गाठलं आणि तिथून अमेरिकेचा पश्चिम किनारा.

अमेरिकेत त्यांनी दोन गोष्टी शिकल्या. एक, कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेल इथल्या माउंट तमालपायस लष्करी अकादमीत कवायत आणि शस्त्रं. दुसरी, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या कॉलेजांत शेतीशास्त्र. पैसे नव्हतेच. मिळेल ती मजुरी करायची आणि शिकायचं. त्या मजुरीतच त्यांची गाठ पंजाबी कामगारांशी पडली. लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर राबणारे हे लोक. त्यांतले कितीतरी जण इंग्रजांच्या पलटणीतून निवृत्त झालेले होते. पलटणीत इमान राखलं, पण परदेशात गेल्यावर आपल्याला कोणी माणूस म्हणून विचारत नाही, हा त्यांचा अनुभव होता.

गदर

या असंतोषातून १९१३ साली गदर चळवळ उभी राहिली. सोहनसिंग भाकना, लाला हरदयाळ, कर्तारसिंग सराभा ही त्यातली मोठी नावं. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतून 'गदर' साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. लष्करी शिक्षण घेतलेले खानखोजे चळवळीच्या लढाऊ बाजूचं काम बघत होते. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णु गणेश पिंगळे हेही याच चळवळीतले. देशात परतून त्यांनी सैन्यात उठाव करायचा प्रयत्न केला. पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात सराभा यांच्यासोबत त्यांना फाशी झाली.

खानखोजेंची वाट वेगळी ठरली. १९१४ साली महायुद्ध सुरू झालं, तेव्हा ते तुर्कस्तान गाठून तिथून बगदादमार्गे इराणात शिरायच्या कामगिरीवर निघाले. बेत असा होता, की इराण आणि बलुचिस्तानच्या बाजूने फौज उभी करायची आणि हिंदुस्थानच्या सरहद्दीवर धडक मारायची.

इंग्रजांना इराण एवढं महत्त्वाचं का होतं?

कारण तेल. १९०१ साली विल्यम नॉक्स डार्सी नावाच्या इंग्रज गुंतवणूकदाराने इराणच्या शहाकडून तेल शोधायचा साठ वर्षांचा ठेका घेतला. ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणीत त्याने आधीच पैसा कमावला होता. सात वर्षं खर्चच खर्च. शेवटी २६ मे १९०८ रोजी मशिद-ए-सुलेमान इथे तेल लागलं. पुढच्या वर्षी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी निघाली. आजची बीपी म्हणजे तिचाच पुढचा अवतार. विहिरींपासून आबादानच्या शुद्धीकरण कारखान्यापर्यंत सुमारे २२० किलोमीटरची तेलवाहिनी टाकली गेली.

इंग्रजांचं आरमार तेव्हा कोळशावरून तेलावर येत होतं. म्हणून १९१४ साली खुद्द ब्रिटिश सरकारने या कंपनीचे ५१ टक्के भाग विकत घेतले. यामागे होते विन्स्टन चर्चिल. मग या तेलाचं रक्षण करायला पहिली फौज कुठून गेली? मुंबईहून.

दोन्ही बाजूंना मराठी माणूस

नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदी फौज इराकच्या फाओ बंदरात उतरली. ती होती सहावी पुणे डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी याच डिव्हिजनमध्ये होत्या. कोकणातली, मावळातली, देशावरची गरीब शेतकऱ्यांची पोरं त्यांत भरती झालेली. घरी जमिनीचा तुकडा लहान, पोटाची भ्रांत, आणि पलटणीत पगार नक्की. आबादानचं तेल म्हणजे काय, हे त्यांना माहीत असायचं कारणच नव्हतं.

ही डिव्हिजन बगदादच्या दिशेने पुढे सरकली, मागे रेटली गेली आणि कुत-अल-अमारा या गावात तुर्कांनी तिला वेढलं. ७ डिसेंबर १९१५ ला सुरू झालेला वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनेच संपला. धान्य संपलेलं, घोडे मारून खाल्लेले. सुमारे तेरा हजार सैनिक कैद झाले. वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत त्यांतले हजारो मेले.

वर्ध्याचा पांडुरंग त्याच मुलखात होता, पण समोरच्या बाजूने. इंग्रजांच्या फौजेतल्या हिंदी सैनिकांना आपल्याकडे वळवणं हे गदरवाल्यांचं एक मुख्य काम होतं. म्हणजे एकाच वाळवंटात मराठी माणूस तेल राखायला पण उभा होता आणि तेल राखणाऱ्या साम्राज्याला पाडायला पण.

इराणच्या डोंगरात

इराणात खानखोजेंनी काही काळ बलुच टोळ्यांसोबत आणि नंतर कशकाई टोळीसोबत काढला. कशकाई म्हणजे मेंढरं-घोडे घेऊन फिरणारी लढवय्यी जमात. आपल्याकडच्या धनगरांसारखंच त्यांचं ऋतूप्रमाणे वर-खाली जाणं. खानखोजे जखमी झाले, पकडले गेले, निसटले, पुन्हा लढले. याच सरहद्दीवर १९१६ साली ब्रिटिश फौजेचा प्रमुख होता रेजिनाल्ड डायर. तीन वर्षांनी जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा तो हाच.

१९१८ मध्ये तुर्कस्तान आणि जर्मनी हरले आणि इराणची आघाडीही कोसळली. खानखोजेंच्या डोक्यावर इंग्रजांचा डोळा होता. मायदेशी उघडपणे परतायची सोय उरली नाही. ते जर्मनीत गेले. १९२१ साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त यांच्यासोबत मॉस्कोलाही जाऊन आले. तिथून मदत मिळाली नाही. चाळिशी जवळ आली होती. हातात देश नाही, पलटण नाही. उरलं होतं ते अमेरिकेत घेतलेलं शेतीचं शिक्षण.

त्याच युद्धातला दुसरा माणूस

इथे एका दुसऱ्या माणसाची माहिती द्यायला पाहिजे, म्हणजे युद्धानंतर तेलाकडे वळलेल्यांचं काय झालं ते कळेल. मेजर फ्रँक होम्स. जन्म १८७४, न्यूझीलंड. पेशाने खाण इंजिनियर. महायुद्धात तो ब्रिटिश सैन्याच्या रसद खात्यात होता. फौजेला मांस, धान्य पुरवायच्या कामात फिरताना त्याला आखाताच्या किनाऱ्यावर जमिनीतून तेल पाझरतं, अशी खबर लागली.

युद्ध संपल्यावर १९२० साली त्याने लंडनमध्ये एक कंपनी काढली आणि अरबी शेखांचे उंबरठे झिजवायला सुरुवात केली. बहारीनमध्ये त्याने आधी पाण्याच्या विहिरी पाडून दिल्या. प्यायला गोडं पाणी मिळालं म्हणून शेख खूश झाले आणि १९२५ साली तेलाचा ठेका मिळाला. पण पैसा कमी पडला. मोठमोठे भूगर्भतज्ज्ञ म्हणाले, इथे तेल नाही. शेवटी ठेका अमेरिकन कंपनीकडे गेला आणि १९३२ साली त्याच बहारीनमध्ये तेल लागलं. १९३४ साली कुवेतचा ठेका झाला. सही करताना शेखांना दिलेली रक्कम होती ४,७५,००० रुपये. हो, रुपयेच. आखातात तेव्हा हिंदुस्थानचा रुपया चालायचा.

अरब लोक होम्सला 'अबू अल-नफ्त', म्हणजे तेलाचा बाप म्हणायचे. तेलातला खरा पैसा मात्र मोठ्या कंपन्यांनी आणि पुढे तिथल्या राजघराण्यांनी केला. १९४७ साली होम्स इंग्लंडमध्ये वारला. आज आपल्या गावोगावची पोरं ज्या आखातात नोकरीला जातात, तिथल्या तेलाचा पहिला पाठपुरावा करणारा माणूस हा असा एक माजी सैनिक होता.

मेक्सिको: तेल पण, जमीन पण

खानखोजे १९२४ साली मेक्सिकोत पोचले. अमेरिकेत शिकत असतानाच मेक्सिकोच्या क्रांतिकारकांशी त्यांची ओळख झालेली होती. मेक्सिकोही तेव्हा युद्धातून नुकताच बाहेर आलेला. १९१० पासून दहा वर्षं तिथे क्रांती चालली होती आणि तिचं मूळ जमिनीत होतं. हजारो एकरांची जहागीर एका मालकाची आणि गावंच्या गावं त्याच्याकडे मजूर. एमिलियानो झापाटा या शेतकरी नेत्याची मागणी साधी होती: जमीन कसणाऱ्याला द्या.

१९१७ च्या मेक्सिकोच्या राज्यघटनेत कलम २७ आलं. जमीन आणि जमिनीच्या पोटातलं तेल यांवर मूळ हक्क राष्ट्राचा, असं त्यात लिहिलं. तोवर तिथलं तेल अमेरिकन आणि इंग्रज कंपन्यांच्या हातात होतं. कलम कागदावर आलं तरी अंमल व्हायला वीस वर्षं लागली. १८ मार्च १९३८ रोजी राष्ट्राध्यक्ष लाझारो कार्देनास यांनी परदेशी तेल कंपन्या ताब्यात घेतल्या. कार्देनासही क्रांतीच्या लढाईतून वर आलेले सैनिक. त्यांच्याच सहा वर्षांच्या कारकिर्दीत सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन शेतकऱ्यांना वाटली गेली.

पण जमीन मिळाली म्हणजे पीक आलं असं होत नाही. कालपर्यंत मालकाच्या शेतावर राबणाऱ्याकडे बैल नाही, चांगलं बियाणं नाही, हिशेबाची सवय नाही. खानखोजेंचं काम इथे सुरू होतं.

मोफत शाळा आणि मका

मेक्सिको शहराजवळ चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. हे विद्यालयच एका जुन्या जहागिरीच्या जागेवर उभं होतं. जमिनीतून उत्पन्न काढायला शिकवायचं, माणसाची पिळवणूक करायला नाही, असं त्या विद्यालयाचं ब्रीद.

खानखोजेंनी मक्यावर काम केलं. मका हे मेक्सिकोचं रोजचं अन्न, आपल्याकडे भात आणि नागली तसं. तेओसिंते नावाचं एक रानगवत मक्याचं पूर्वज मानलं जातं. त्याच्याशी मक्याचा संकर करून जास्त कणसं देणारे, काटक वाण काढायचे त्यांचे प्रयोग गाजले. गव्हावरही त्यांनी काम केलं.

शास्त्रज्ञ म्हणून एवढं पुरेसं होतं. पण प्रयोग कॉलेजच्या आवारात राहिला तर शेतकऱ्याला काय उपयोग, हा त्यांचा प्रश्न. म्हणून गावोगाव मोफत शेतीशाळा निघाल्या. फी नाही, शिक्षणाची अट नाही. शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन शिकवायचं. बियाणं कसं निवडायचं, जमीन कशी राखायची, एकत्र येऊन कसं विकायचं. चित्रकार दिएगो रिवेरा आणि छायाचित्रकार तिना मोदोत्ती हे त्यांचे मित्र. मोदोत्तीने त्यांच्या मक्याचे फोटो काढले. रिवेराने मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत 'आमची भाकरी' या अर्थाच्या नावाचं भित्तिचित्र रंगवलं. त्यात जेवणाच्या टेबलाभोवती गरीब माणसं बसली आहेत आणि मधोमध भाकरी वाटणारा माणूस आहे, तो चेहरा खानखोजेंचा.

१९३६ साली त्यांनी जीन सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं. मुली झाल्या. थोरली मुलगी सावित्री सॉहनी यांनी पुढे इंग्रजीत वडिलांचं चरित्र लिहिलं.

परत नागपूरला

देश १९४७ ला स्वतंत्र झाला, तरी जुन्या सरकारी काळ्या यादीतलं नाव लगेच पुसलं गेलं नाही. परवानगीला अडचणी आल्या. १९४९ साली ते मध्य प्रांत सरकारला शेतीविषयी सल्ला द्यायला आले आणि १९५० च्या दशकात कुटुंबासह कायमचे नागपूरला परतले. पन्नास वर्षांपूर्वी घर सोडलेला मुलगा म्हातारा होऊन परत आला होता.

१९६६ साली भारताने मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं आणि हरितक्रांती वेगात आली. ते वाण नॉर्मन बोरलॉग यांच्या कामातून आलेले. बोरलॉग १९४४ साली मेक्सिकोत गेले, म्हणजे खानखोजेंच्या वीस वर्षांनंतर. मेक्सिकोचं ते बी आपल्या मातीत पडत असतानाच, २२ जानेवारी १९६७ रोजी खानखोजे नागपुरात वारले. २०२२ साली लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगोच्या विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं.

आपल्या तालुक्यांना यात काय आहे?

शहापूर-मुरबाडला लढवय्ये नवे नाहीत. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी प्राण दिले, ते मुरबाडच्याच डोंगरात. आणि जमिनीचा प्रश्नही नवा नाही. तानसा आणि भातसा धरणांचं पाणी मुंबईला जातं, जमीन गेली शहापूरची. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, तोही शहापूर तालुक्यातून. मोबदल्याच्या पैशाचं ज्याने जमिनीतच काही केलं तो सावरला, ज्याने गाडी आणि लग्नात घातला त्याचं काय झालं, हे गावागावात दिसतं.

खानखोजेंच्या गोष्टीतून तीन कामाच्या बाबी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

एक, जमिनीखालचं तुमचं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे जमिनीतल्या खनिजांवर सरकारचा हक्क आहे, सातबारा कोणाच्याही नावावर असो. अमेरिकेत जमीनमालक आपल्या रानातलं तेल विकून श्रीमंत होतो, तसं आपल्याकडे होत नाही. कोणी तसं आमिष दाखवून जमीन मागत असेल तर सावध राहा.

दोन, तेलवाहिनी गेली तरी जमीन तुमचीच. भारत पेट्रोलियमची मुंबई-मनमाड तेलवाहिनी ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांतून जाते. अशा वाहिनीसाठी १९६२ च्या कायद्याने फक्त वापराचा हक्क घेतला जातो, मालकी नाही. पिकाचं नुकसान झालं तर भरपाई मिळते, शिवाय त्या पट्ट्याच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम. वर पीक घेता येतं. घर, विहीर, तळं बांधता येत नाही आणि झाडं लावता येत नाहीत.

तीन, बियाणं तुमचं आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बियाणं राखायचा, वापरायचा, अदलाबदल करायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. कंपनीच्या संरक्षित वाणाचं ब्रँड लावलेलं पाकीट तेवढं विकता येत नाही. भात आणि नागलीचं परागीभवन बहुतेक स्वतःच्याच फुलात होतं, म्हणून घरचं बी टिकतं. मळणीनंतर ढिगातून मूठभर काढण्यापेक्षा उभ्या पिकात फिरून भरलेल्या, निरोगी लोंब्या निवडा आणि वेगळ्या वाळवा. मक्याचं तसं नाही. त्याचे पराग वाऱ्याने उडतात. मक्याचं बी राखायचं तर दुसऱ्या वाणापासून किमान दोनशे मीटर लांब लावा. आणि संकरित वाणाचं बी मात्र पुन्हा पेरू नका, पुढच्या वर्षी पीक सारखं येत नाही.

याचं जिवंत उदाहरण बघायचं तर कसाऱ्याचा घाट चढून अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावात जा. राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान बियाण्याची बँक उभी करून २०२० ची पद्मश्री मिळवली.

महत्त्वाची वर्षं

१८८४: वर्धा इथे जन्म
१९१३: गदर चळवळीची स्थापना
१९१४: महायुद्ध सुरू, इराणच्या कामगिरीवर रवाना
१९२१: मॉस्को भेट
१९२४: मेक्सिकोत आगमन, पुढे चापिंगोत अध्यापन
१९३६: विवाह
१९४९: शेती सल्लागार म्हणून भारतभेट
१९६७: नागपूर इथे मृत्यू
२०२२: चापिंगो इथे पुतळ्याचं अनावरण